झेड मालिकेची नोट

जुन्या नोटा जमवणाऱ्यांच्या संग्रहात एक नोट मानाने जपलेली असते. तिच्यावर अशोकस्तंभ आहे, रिझर्व्ह बँकेचं नाव आहे, रक्कम रुपयांत आहे; पण रंग ओळखीचा नाही आणि क्रमांकाच्या आधी झेड हे अक्षर आहे. ही नोट भारतात चालतच नसे. ती चालायची कुवेतला, बहारीनला, कतारला, दुबई-अबू धाबीला आणि मस्कतला. १, ५, १० आणि १०० अशा चार रकमांत निघालेला हा 'आखाती रुपया'. नाशिकच्या छापखान्यातून निघून बोटीने अरबी समुद्र ओलांडायचा आणि तिकडच्या बाजारात खजूर, कापड, पगार, भाडं असे सगळे व्यवहार करायचा.

भारत आणि आखात हा विषय निघाला की हल्ली लोक विमानतळावरच्या गळाभेटी, राष्ट्रीय दिनाचे पाहुणे, संयुक्त निवेदनं यांच्याबद्दल बोलतात. मला मात्र ही नोट जास्त बोलकी वाटते. दुसऱ्या देशाशी आपलं किती सख्य आहे हे पाहायचं असेल, तर आपला रुपया त्याच्या हातात गेल्यावर तो त्याचं काय करतो ते पाहावं. खर्च करतो, साठवतो, की पहिल्या संधीला कुणाच्या तरी गळ्यात मारतो?

रुपया तिकडे पोचला कसा, याचं कोडं फारसं अवघड नाही. इंग्रजांच्या काळात आखाताचा कारभार बुशहरला बसलेला रेसिडेंट पाहायचा आणि १८७३पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता. आखातातले मोती मुंबईत विकले जात, तिथे लागणारा तांदूळ, कापड, होड्यांचं सागवान मुंबई आणि मलबारकडून जाई. जिथे माल तिथे पैसा. १९३२ला बहारीनला, १९३८ला कुवेत आणि सौदी अरेबियात तेल लागलं, तरी पाव शतक रुपयाचं राज्य चालूच राहिलं.

मग १९५९मध्ये वेगळ्या नोटा काढायची वेळ का आली? सोन्यामुळे. स्वतंत्र भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी, त्यामुळे मुंबईतला भाव बाहेरच्या भावापेक्षा पुष्कळ चढा. दुबईत सोनं घ्यायचं, गलबतातून कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावर उतरवायचं आणि मिळालेल्या रुपयांच्या थप्प्या परत दुबईला न्यायच्या. तिथल्या बँका हे रुपये गोळा करून रिझर्व्ह बँकेकडे पाठवायच्या आणि त्यांच्या बदल्यात पौंड मागायच्या. आपलीच नोट असल्याने ते देणं भाग होतं. म्हणजे चोरट्या सोन्याचं बिल आपली मध्यवर्ती बँकच परकीय चलनात चुकवत होती! यावर तोडगा म्हणून मे १९५९मध्ये कायदा दुरुस्त करून आखातासाठी झेड मालिका काढली. भारतातली नोट आखातात आणि आखातातली भारतात चालेनाशी झाली; गळती आटली.

पण विश्वासाची गळती सुरू झाली होती. कुवेतने १९६१ला स्वतःचा दिनार काढला, बहारीनने १९६५ला. ६ जून १९६६ला भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं: ४.७६ रुपयांचा डॉलर एका रात्रीत ७.५० रुपयांना. दोहाच्या किंवा दुबईच्या व्यापाऱ्याला ना या निर्णयात मत होतं, ना त्याची पूर्वसूचना; गल्ल्यातल्या पैशाची किंमत मात्र तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घसरली. कतार आणि दुबईने लगोलग स्वतःचा रियाल आणला. ओमान १९७०पर्यंत थांबला, मग तोही गेला. ज्या दशकात आखात खऱ्या अर्थाने श्रीमंत व्हायला लागलं, त्याच दशकात आपण त्याच्या खिशातून बाहेर पडलो.

पुढची वीस-पंचवीस वर्षं आपण आखाताशी भाषणांच्या भाषेत बोललो. पॅलेस्टाइनच्या बाजूने मतं दिली, आणि ती देणं त्या काळी योग्यच होतं, पण त्याची पावती तेलाच्या बिलावर कधी दिसली नाही. ऑक्टोबर १९७३च्या तेलबंदीत भारत शत्रूंच्या यादीत नव्हता, तरी तीन डॉलरच्या आसपास मिळणारं पिंप जानेवारी १९७४ला साडेअकरा डॉलरच्या घरात गेलं ते आपल्यालाही त्याच भावाने. त्याआधी १९६९ला रबातच्या इस्लामी परिषदेत भारताला आमंत्रण देऊन, पाकिस्तानने हट्ट धरल्यावर बाहेर ठेवलं गेलं; शिष्टमंडळाचे नेते फखरुद्दीन अली अहमद तिथे पोचलेले असताना. त्याच परिषदेतून उभ्या राहिलेल्या इस्लामी देशांच्या संघटनेच्या अबू धाबीतल्या बैठकीला २०१९च्या मार्चमध्ये सुषमा स्वराज सन्माननीय पाहुण्या म्हणून गेल्या. मधल्या पन्नास वर्षांत तत्त्वं फारशी बदलली नव्हती. आपण गिऱ्हाईक म्हणून मोठे झालो होतो.

किती मोठे? देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं आणि रोजची गरज ५० लाख पिंपांच्या वर गेली आहे. एक पिंप म्हणजे १५९ लिटर.

गिऱ्हाईक मोठं असलं तरी हात बांधलेले असू शकतात, हे १९९०ने दाखवलं. २ ऑगस्टला इराकने कुवेत घेतलं. तिथे अडकलेल्या सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी आणायचं होतं, त्यासाठी सद्दाम हुसेनची मर्जी सांभाळणं भाग होतं. परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला गेले आणि त्यांची सद्दामशी झालेली गळाभेट जगभर छापून आली. टीका खूप झाली. पण ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं झाली आणि माणसं घरी पोचली, हेही त्याच गळाभेटीच्या खात्यावर लिहायला हवं. पुढे जानेवारी १९९१मध्ये त्याच इराकवर हल्ल्यासाठी निघालेल्या अमेरिकी मोहिमेची विमानं मुंबईच्या विमानतळावर इंधन भरत होती, कारण तेव्हा आपल्याला नाणेनिधीचं कर्ज हवं होतं. तेल महागलं, कुवेत-इराकमधून येणारे पैसे थांबले, गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलैत रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं लंडन आणि टोकियोकडे गहाण गेलं. एकेकाळी दुबईहून सोनं चोरून आणणाऱ्या देशाला आखातातल्या एका युद्धाने सोनं बाहेर पाठवायला लावलं.

आता थोडं कारकुनी तपशिलात शिरू. तेलाच्या मुत्सद्देगिरीतली खरी ओढाताण इथेच होते आणि वर्तमानपत्रात ती 'सकारात्मक चर्चा' या दोन शब्दांत संपते.

सौदी आरामको दर महिन्याच्या पाच तारखेच्या सुमाराला पुढच्या महिन्याचा अधिकृत विक्री दर जाहीर करते. आशियासाठी तो ओमान आणि दुबई या दोन तेलांच्या महिन्याच्या सरासरीवर 'इतके डॉलर जास्त' किंवा 'इतके कमी' असा असतो. युरोपसाठी आणि अमेरिकेसाठी वेगळी मोजपट्टी. आशियाला तेच तेल पूर्वापार महाग पडत आलं; त्याला आपल्याकडे 'आशियाई अधिभार' म्हणून वर्षानुवर्षं शिव्या दिल्या जातात. आपल्या सरकारी कंपन्या वर्षाचा करार करतात: इतके लाख टन, महिन्याला किती उचलणार ते आधी कळवायचं. करारातलं तेल बहुधा तिसऱ्याला विकता येत नाही. भाव कोसळला तरी उचलायचं, चढला तरी मिळणार ही खात्री. म्हणजे वार्षिक करार हा स्वस्ताईचा नसून पुरवठ्याचा विमा आहे, आणि विम्याला हप्ता असतोच.

मग आपण दुसरीकडून का घेत नाही? अंतर. सौदीतल्या रास तनुराहून निघालेलं जहाज कच्छच्या आखातात वाडीनारला चार-पाच दिवसांत येतं. टेक्सासहून महिना-सव्वा महिना लागतो, बाल्टिक समुद्रातून सुएझमार्गे तीन-चार आठवडे. २० लाख पिंपं पोटात घेणाऱ्या अजस्र जहाजात सत्तर डॉलरच्या भावाने १४ कोटी डॉलरचा माल असतो. तो पाच दिवस पाण्यावर राहणं आणि चाळीस दिवस राहणं, यांत व्याजाचा, भावाच्या चढउताराचा आणि टाकीत किती शिल्लक ठेवायची त्याचा असा तिहेरी फरक पडतो. एखादी रिफायनरी अचानक बंद पडली तर आखातातली पुढची खेप मागे-पुढे करता येते. अटलांटिकमध्ये निघालेलं जहाज परत वळवता येत नाही. शिवाय एवढी जहाजं सगळीकडे लागतही नाहीत. मुंबईच्या जवाहर द्वीपाला पाणी उथळ, तिथे लहान जहाजं किंवा अर्धवट रिकामी केलेली. पूर्ण भरलेलं मोठं जहाज वाडीनार, मुंद्रा, कोची, पारादीपसारख्या ठिकाणी किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यातल्या तरंगत्या बोयाला बांधून नळीने रिकामं करतात.

आखातातलं तेल येतं ते मुख्यतः होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे ३३ किलोमीटर, पण जहाजांना यायला दोन सागरी मैल, जायला दोन आणि मध्ये तेवढीच मोकळी पट्टी. २०२४च्या सुमारास रोज २ कोटी पिंपांच्या आसपास तेल इथून जात होतं, जगाच्या वापराचा पाचवा हिस्सा. वळसा घालायला नळ आहेत: सौदीचा पूर्व-पश्चिम नळ, अबकैकहून लाल समुद्रावरच्या यानबूपर्यंत सुमारे १२०० किलोमीटर, अमिरातीचा हबशानहून फुजैराला, २०१२पासून, दिवसाला १५ लाख पिंपांचा. कतार आणि कुवेतला असा वळसाच नाही.

होर्मुझचं नाव निघालं की 'बंद होणार का' एवढंच विचारलं जातं. त्याआधीचं पाऊल कमी लोक पाहतात. जहाजाच्या नेहमीच्या विम्यात युद्ध बसत नाही. त्यासाठी निराळा हप्ता, जहाजाच्या किमतीच्या टक्क्यांत, साधारण सात दिवसांसाठी. मे-जून २०१९मध्ये फुजैरासमोर आणि ओमानच्या आखातात जहाजांना भगदाडं पाडली गेली तेव्हा हा हप्ता कित्येक पटींनी वाढला. १० कोटी डॉलरचं जहाज आणि अर्धा टक्का दर धरला तर एका फेरीला ५ लाख डॉलर. २० लाख पिंपांवर वाटले तर पिंपामागे २५ सेंट. हे सोसता येतं. सोसता येत नाही ते पुढचं: विमा कंपनी काही दिवसांच्या, कधी ७२ तासांच्या नोटिशीवर संरक्षण काढून घेऊ शकते आणि खलाशांना युद्धक्षेत्रात जायला नकार देता येतो. सामुद्रधुनीत एकही सुरुंग न पेरता वाहतूक रोडावते ती अशी. म्हणून १९ जून २०१९ला नौदलाने 'ऑपरेशन संकल्प' सुरू करून भारतीय झेंड्याच्या जहाजांसोबत युद्धनौका पाठवल्या. आपल्याकडे त्याकडे शौर्य म्हणून पाहिलं गेलं. विमा उतरवणाऱ्याने ते वेगळ्या नजरेने वाचलं असणार, आणि तेही तितकंच महत्त्वाचं होतं.

इराणची गोष्ट मात्र थोडी सावकाश सांगायला हवी, कारण रुपयाचं भूत तिथे परत भेटतं.

डिसेंबर २०१०पर्यंत इराणी तेलाचे पैसे 'एशियन क्लिअरिंग युनियन'मार्गे जात, जिचं मुख्यालयच तेहरानला. अमेरिकेच्या दबावामुळे रिझर्व्ह बँकेने तो रस्ता बंद केला. मग हॅम्बर्गची एक इराणी बँक सापडली. युरोपने तिच्यावर निर्बंध घातले. मग तुर्कस्तानची हल्कबँक. तीही २०१३च्या सुमारास मागे हटली. या पळापळीत २०१२ला ठरलं की ४५ टक्के पैसे रुपयांत द्यायचे, कोलकात्याच्या युको बँकेत इराणच्या नावे खातं उघडून. युको का? अमेरिकेत तिची शाखा नव्हती, म्हणजे तिथे तिचं नाक दाबता येणार नव्हतं. उरलेले ५५ टक्के 'रस्ता मिळाला की देऊ' म्हणून साठत गेले. निर्बंध उठले तेव्हा २०१६ला ती थकबाकी सहा अब्ज डॉलरच्या वर होती. २०१२लाच युरोपने इराणी तेल वाहणाऱ्या जहाजांचा विमाही तोडला होता, तेव्हा आपण 'तेल तुम्हीच तुमच्या जहाजातून, तुमच्या विम्यावर आणून द्या' अशी उलटी व्यवस्था लावली.

युकोतल्या रुपयांचं इराण काय करणार होता? ते भारताबाहेर चालत नाहीत. म्हणून त्याने बासमती घेतला, चहा घेतला, औषधं, सोयापेंड घेतली. पंजाब-हरियाणाच्या बासमतीचं इराण सर्वांत मोठं गिऱ्हाईक झालं. चोख अदलाबदल, वरून पाहता. पण तेल कित्येक अब्जांचं आणि भात-चहा त्याच्या काही हिश्श्याचा. खातं फुगत गेलं. आणि मे २०१९ला अमेरिकेने पुन्हा लादलेल्या निर्बंधांतली सवलत काढून घेतल्यावर आपण तेल घेणं थांबवलं, तेव्हा उलटंच झालं. खात्यात नवीन रुपये येईनात, शिल्लक हळूहळू बासमतीवर संपली, आणि निर्यातदारांची बिलं अडकली. तेलाचा नळ बंद केला की कर्नालच्या गिरणीतला भात का तुंबतो, हे कोणत्याही संयुक्त निवेदनात लिहिलेलं नसतं.

तोपर्यंत इराणने बाकीचा हिशोबही केला होता. पर्शियन आखातातलं फरझाद-बी हे वायुक्षेत्र ओएनजीसी विदेशने शोधलं. अटींवर घासाघीस करण्यात बारा-तेरा वर्षं गेली आणि मे २०२१ला इराणने ते पेट्रोपार्स या स्वतःच्या कंपनीला देऊन टाकलं. चाबहार बंदर होर्मुझच्या बाहेर, ओमानच्या आखातावर; तिथल्या शहीद बेहेश्ती धक्क्याचा दहा वर्षांचा करार १३ मे २०२४ला झाला, १२ कोटी डॉलरची यंत्रसामग्री आणि २५ कोटींचं कर्ज देण्याच्या कबुलीसह. सव्वा वर्षाने, सप्टेंबर २०२५ला, अमेरिकेने तिथली निर्बंधमाफी काढली आणि मग पुन्हा सहा महिन्यांपुरती दिली. सहा महिन्यांच्या माफीवर दहा वर्षांचं बंदर चालवायचं! क्रेनचा पुरवठादार असल्या कागदावर क्रेन देत नाही.

सौदींशी असं काही झालं नाही, पण एक भांडण झालं आणि ते मला फार आवडतं, कारण त्यात दोन्ही बाजू खरं बोलल्या. त्यासाठी आधी जमिनीखाली जावं लागेल. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि उडुपीजवळचं पादूर इथे खडक कोरून भुयारं केली आहेत: १३.३ लाख, १५ लाख आणि २५ लाख टनांची. भुयाराला पोलादी अस्तर नाही. ती भूजलपातळीच्या खाली खोदतात आणि वरच्या बाजूला आडवी छिद्रं पाडून पाणी दाबाखाली सोडत राहतात. चहूबाजूंनी पाणीच आत यायला धडपडत असल्याने तेलाला किंवा त्याच्या वाफेला खडकाच्या भेगांतून बाहेर पडायला जागा मिळत नाही. झिरपलेलं पाणी तळातून उपसायचं. हा पाण्याचा पडदा थांबला तर भुयार गळू लागेल, म्हणून तेल काढा, भरा, पडदा चालूच. पूर्ण भरल्यावर सरकारी हिशोबाने साडेनऊ दिवसांची गरज भागते. मंगळुरूच्या दोन कप्प्यांपैकी एकात २०१८पासून अबू धाबीच्या ॲडनॉकने आपलं तेल ठेवलं. भांडवल त्यांचं, आणीबाणीत पहिला हक्क आपला. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला आखाताशी झालेला सर्वांत शहाणा करार हाच.

एप्रिल-मे २०२०मध्ये टाळेबंदीने भाव आपटले तेव्हा आपण ही भुयारं सरासरी १९ डॉलरच्या भावाने भरून घेतली. पुढच्या वर्षी भाव साठच्या वर गेले, ओपेक आणि मित्रदेश उत्पादन वाढवेनात आणि तेव्हाचे पेट्रोलियममंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी जाहीर तक्रार केली. मार्च २०२१मध्ये सौदी ऊर्जामंत्री अब्दुलअझीझ बिन सलमान यांनी उत्तर दिलं: गेल्या वर्षी स्वस्तात घेतलेलं तेल वापरा की! चिडून आपण सरकारी कंपन्यांना सौदी तेल कमी उचलायला सांगितलं. दोन-तीन महिने झालं तसं. मग परत नेहमीची उचल. साडेनऊ दिवसांच्या साठ्यावर कुणी फार दिवस रुसून बसू शकत नाही.

२०२२नंतर रशियाने ती ताकद थोडी दिली. दोन टक्क्यांच्या आसपास असलेलं रशियन तेल तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं, आखाती विक्रेते सौजन्याने बोलू लागले. ऑक्टोबर २०२५ला रॉसनेफ्ट आणि लुकॉइलवर अमेरिकेचे निर्बंध आले आणि खरेदीदारांचे फोन पुन्हा रियाध, बसरा, अबू धाबीला लागू लागले. रशिया सवलत देऊ शकतो. चार दिवसांत जहाज देऊ शकत नाही.

आणि स्वयंपाकघरातल्या सिलिंडरच्या बाबतीत तर रशियाची फारशी मदतच होत नाही. कच्च्या तेलाबद्दल एवढं लिहिलं जातं, पण आखाताशी आपली सर्वांत नाजूक गाठ बांधली आहे ती १४.२ किलोच्या लाल टाकीत. देशात वर्षाला ३ कोटी टनांहून जास्त एलपीजी लागतो, त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास आयात, आणि २०२५पर्यंत त्या आयातीतला नव्वद टक्क्यांच्या वर माल आखातातून. दर ठरतो आरामकोच्या मासिक प्रोपेन-ब्युटेन भावावर. मोठं गॅसवाहू जहाज ४५ हजार टनांच्या आसपास आणतं. देशाचा रोजचा खप ८०-८५ हजार टन. म्हणजे दिवसाला दोन जहाजांचा वापर. आयातीपुरतं पाहिलं तरी रोज एखादं जहाज लागलंच पाहिजे. उरणला उतरलेला गॅस नळातून घाट चढून चाकण-शिक्रापूरला जातो, तिथे टाक्या भरतात. आणि साठा? विशाखापट्टणमचं एलपीजीचं भुयार ६० हजार टनांचं, मंगळुरूचं नवं ८० हजारांचं. दोन्ही भरलेली असली तरी देशाचे दोन दिवसही नाहीत. २०१६ला उज्ज्वला योजना सुरू झाली तेव्हा चुलीचा धूर गेला, चांगलं झालं. पण त्याबरोबर कोट्यवधी घरांच्या भाकरीचा हप्ता होर्मुझला बांधला गेला, याची चर्चा तेव्हा झाली नाही. नोव्हेंबर २०२५ला अमेरिकेकडून वर्षाला २२ लाख टन घेण्याचा एक वर्षाचा करार झाला, तो या गाठीची पहिली सैल केलेली पीळ.

कतारशी आपलं नातं वायूचं आहे आणि तिथे आपण एकदा खरोखर चांगला सौदा केला. गुजरातमधल्या दहेजला २००४पासून येणारा द्रवरूप वायू पंचवीस वर्षांच्या करारावर, भाव जपानच्या तेल आयातीच्या साठ महिन्यांच्या सरासरीला जोडलेला. २०१४-१५ला बाजारात वायू स्वस्त झाला, पण साठ महिन्यांची सरासरी खाली यायला वर्षं लागतात; तो आयात करणाऱ्या पेट्रोनेट या आपल्या कंपनीला दुप्पट भाव पडू लागला. तिने ठरल्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी माल उचलला. करारात 'घ्या, नाहीतर पैसे भरा' असं कलम होतं, दंड १२ हजार कोटींच्या घरात. डिसेंबर २०१५च्या अखेरीस कतारने दंड सोडला, भाव तीन महिन्यांच्या ब्रेंट सरासरीला जोडला, तो जवळपास निम्म्यावर आला. आपण बदल्यात वर्षाला १० लाख टन जादा घेतले. कतारने हे भाबडेपणाने केलं नाही. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेचा वायू बाजारात येत होता आणि गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

त्याच कराराची पुढची वीस वर्षं, २०२८ ते २०४८, ६ फेब्रुवारी २०२४ला गोव्यात बेतूलला ठरली. १२ फेब्रुवारीला कतारने भारताच्या माजी नौदल कर्मचाऱ्यांची सुटका केली, ज्यांना आदल्या ऑक्टोबरमध्ये फाशी सुनावली गेली होती. या दोन तारखांमध्ये कागदोपत्री काही संबंध नाही.

माणसांचा विषय निघालाच आहे तर: आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४च्या पाहणीत देशात आलेल्या पैशांत या देशांचा वाटा ३८ टक्क्यांवर आला होता, २०१६-१७ला तो ४७च्या जवळ होता. अमेरिकेने अमिरातीला मागे टाकलं. राज्यांत सर्वाधिक वाटा महाराष्ट्राचा, केरळच्या किंचित पुढे. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यांतल्या घरांना हे आकडे सांगायची गरज नाही.

त्याच रत्नागिरीत या मुत्सद्देगिरीचा सर्वांत मोठा कागद अडकला. ६ कोटी टनांची रिफायनरी, एप्रिल २०१८ला आरामको आणि जूनला ॲडनॉक भागीदार, निम्मं तेल त्यांचं. कल्पना चतुर होती: विक्रेत्याचे पैसे आपल्या जमिनीत पुरले की तो पुरवठा तोडणार नाही. पण राजापुरातल्या नाणारच्या कातळावर आंबा-काजूवाल्यांना आणि मच्छीमारांना हे कुणी विचारलंच नव्हतं. २०१९ला अधिसूचना रद्द झाली, मग बारसूचं नाव आलं, एप्रिल २०२३ला माती परीक्षणाच्या यंत्रांसमोर बायका आडव्या झोपल्या. दिल्लीत अतिथी म्हणून सही करणाऱ्या राजपुत्राला सातबारा कुणी दाखवत नाही.

तर, रुपया. मे २०२३मध्ये गोव्यात बाणावलीला शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीत रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्रोव्ह यांनी सरळ सांगितलं की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. दुबईच्या बँकांचं १९५०च्या दशकातलं गाऱ्हाणं, इराणचं युकोतलं गाऱ्हाणं, तेच परत. जुलै २०२२पासून रिझर्व्ह बँकेने असल्या खात्यांतली शिल्लक सरकारी रोख्यांत गुंतवायला मुभा दिली आहे. हे झेड मालिकेच्या वेळी सुचलं नव्हतं.

मग १५ जुलै २०२३ला अमिरातीशी रुपया-दिरहममध्ये व्यवहार करायचा करार झाला. इथे जमीन जरा बरी आहे. अमिरातीला आपल्याकडून दागिने, धान्य, कापड, फोन लागतात, आपल्या रस्त्या-बंदरांत पैसे गुंतवायचे असतात, म्हणजे रुपयाला जायला जागा आहे. तरी दिरहम १९९७पासून डॉलरला ३.६७२५ला बांधलेला, रुपया-दिरहम भाव हा शेवटी रुपया-डॉलर भावच. आणि सोनं याही वेळी वाट शोधून आलंच. मे २०२२ला लागू झालेल्या व्यापार करारात प्लॅटिनमवर शुल्क कमी ठेवलं होतं, तर दुबईहून 'प्लॅटिनमची मिश्रधातू' येऊ लागली, जिच्यात प्लॅटिनम दोन-चार टक्के आणि बाकी बहुतेक सोनं. सरकारने निर्बंध घालून ती फट बुजवली. गलबतं गेली, सीमाशुल्काचे संकेतांक आले.

१४ ऑगस्ट २०२३ला इंडियन ऑइलने ॲडनॉकला रुपयांत पैसे देऊन तेल घेतलं, या व्यवस्थेतली पहिली खेप. १० लाख पिंपं. मोठ्या जहाजाचं अर्धं पोट, आणि देशाचे जेमतेम पाच तास.